टोकाचा शब्द

गावंडे सरांच्या पंचाहत्तरीचा सत्कार ठरला आणि अमोलचा फोन आला, तेव्हा मी अकोल्याला कॉलेजच्या स्टाफरूमच्या दारात उभी होते. दारात म्हणजे दारातच. तासिका तत्त्वावरच्या बाईला आत खुर्ची नसते. तास संपला की पर्स उचलायची आणि पुढच्या तासापर्यंत कुठंतरी टेकायचं.

"ताई, इंग्रजीत एकच भाषण ठेवलं हाय," अमोल म्हणाला. "काका म्हणते, ते प्रियदर्शनीच करन. तुमी नाई म्हणू नका."

"नाई कावून म्हणू? येतो न मी," मी म्हणाले.

तो खूश झाला. अमोल लवकर खूश होतो. वाईट माणूस नाही तो, आणि हेच माझं दुखणं आहे. वाईट असता तर दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते. ज्या नोकरीत माझा जीव अडकला होता ती आज त्याच्याकडे आहे, आणि तरी दर चौदा एप्रिलला सकाळी सगळ्यात आधी 'जय भीम ताई' असा मेसेज त्याचाच येतो. आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं, सांगा.

गावंडे सर म्हणजे पुंजाराम गावंडे, अमोलचे सख्खे काका. अमरावतीला आमच्या शाळेत ते इंग्रजी शिकवायचे. वर्गात बोलायचे ते साफ इंग्रजी, आणि वर्गाबाहेर पाऊल टाकलं की अशी रोखठोक वऱ्हाडी, की पुण्याकडून बदलून आलेल्या साहेबांना वाटायचं, हा माणूस भांडून राहिला आहे. सरांचा एक हट्ट होता. वहीत 'व्हेरी' दिसला की त्यांचं डोकं फिरायचं.

आमच्या वर्गातल्या धर्मेंद्रनं एकदा लिहिलं होतं, 'इट इज व्हेरी हॉट.' एप्रिल महिना, अमरावतीची दुपार, पत्र्याचा वर्ग. खोटं काय लिहिलं होतं बिचाऱ्यानं? सरांनी त्याला मैदानात पिटाळलं. "जाय. पाहून ये. हॉट हाय का व्हेरी हॉट हाय." धर्मेंद्र घामाघूम होऊन परत आला आणि म्हणाला, "व्हेरी हॉट हाय, सर." अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. सर काही हसले नाहीत. "मंग नुसतं हॉट कसं असते ते सांग," म्हणाले. त्याला सांगता येईना. "ज्याले हॉट समजलं नाही, त्याले व्हेरी वापराचा अधिकार नाही. बस खाली."

व्हेरीची ही गत, मग एक्स्ट्रीमलीचं तर विचारूच नका.

नववीत सहल चिखलदऱ्याला गेली होती. कठड्याजवळ सरांनी सगळ्यांना थांबवलं आणि खाली दरी दाखवली. "हे पाहा एक्स्ट्रीम. एक्स्ट्रीम म्हणजे टोक. याच्या पुढं पाय ठेवाले जागा नाही. आता मले सांगा, तुमच्या निबंधातली गाय, तुमचा मित्र, तुमची शाळा, सारेच इथं येऊन उभे राह्यले तं काय होईन?"

"पडतीन, सर," कोणीतरी मागून म्हणालं.

"बरोबर. म्हणून हा शब्द सांभाळून ठेवाचा. आयुष्यात एखाद्यालेच द्याचा."

मुलं माकडांना शेंगदाणे टाकायला पळाली. मी मात्र ते वाक्य गाठीला बांधून घरी आणलं. हसू नका, खरं सांगते. बी.ए. झालं, एम.ए. झालं, बी.एड. झालं, माझ्या हातून एकदाही एक्स्ट्रीमली लिहिला गेला नाही. परीक्षेत त्याचा अर्थ लिहिला, पोरांना तो शिकवला. माझा म्हणून कधी वापरला नाही.

असं का, तर त्याचं कारण माझी माय. माय सुंदराबाई तेव्हा जिनिंगमध्ये कामाला होती. दिवसभर कापसाच्या धुळीत, आणि घरी आल्यावर नुसता खोकला. 'माय मदर' या निबंधात मी लिहिलं, 'शी वर्क्स व्हेरी हार्ड.' सरांनी व्हेरीवर लाल रेघ ओढली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभी राहिले आणि म्हटलं, "सर, माय खरंच लय काम करते."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "मले माहीत हाय. म्हणून तं खोडलं. वर्क्स हार्ड. एवढ्यात ज्याले समजत नसन, त्याले लय म्हणून बी समजणार नाही."

त्या दिवशी मला वाटलं, या माणसाला माझी माय दिसली. तोवर शाळेत ती कुणालाच दिसली नव्हती. तेव्हापासून मी सरांची झाले. शाळा सुटल्यावर ते मला घरी बोलावून शिकवायचे, एक पैसा न घेता. कौशल्याकाकू चहा द्यायच्या. कप वेगळा नव्हता. हे सांगून टाकते, कारण आमच्याकडे ऐकणाऱ्याच्या मनात तो प्रश्न असतोच. त्याच कपात अमोल प्यायचा, त्याच कपात मी. अमोल माझ्यापेक्षा दोन वर्गांनी मागे, आणि अभ्यासात त्याहून मागे. कर्तरीचं कर्मणी करायला सांगितलं की रडायचा. सर त्याच्यावर ओरडायचे आणि मी त्याला हळूच उत्तर सांगायचे.

सरांकडून कौतुक मात्र कधी झालं नाही. वहीखाली नुसतं 'सीन' लिहायचे. पाहिलं, एवढंच. गुडसुद्धा नाही. बाकीची पोरं कुरकुरायची. मला त्यात मान वाटायचा. सगळ्यांना वाटत फिरावं अशी वस्तू ती नव्हे, असं मी स्वतःला समजावत असे.

आता नोकरीचं सांगते.

अमरावतीत बडनेरा रोडच्या बाजूला एक मोठी इंग्रजी शाळा निघाली. इंग्रजीच्या शिक्षकाची कायम जागा, पूर्ण पगार, आणि आश्चर्य म्हणजे कुणाच्या खिशात काही कोंबायचं नव्हतं. मी तेव्हाही अकोल्याला तासिकेवरच होते. पहाटे उठायचं, डबा करायचा, मायच्या गुडघ्यांना तेल लावायचं, एस.टी. धरायची. तिकडे कधी तास असायचे, कधी नसायचे, आणि उन्हाळ्यात तर काहीच नसायचं. मायला दवाखान्यात न्यायचं म्हटलं की त्या दिवसाचे तास बुडाले. ही जागा मिळाली असती तर मी घरापासून दहा मिनिटांवर आले असते. मायच्या हाकेला ओ देता आली असती. मला दुसरं काही नको होतं.

मुलाखत घेणाऱ्या मुख्याध्यापिका पुण्याहून आलेल्या होत्या. बाई गोड बोलायच्या, पण त्यांचं प्रत्येक वाक्य टोकावर उभं. चहा अ‍ॅब्सोल्यूटली सुपर्ब. फळा अ‍ॅब्सोल्यूटली क्लीन. शिपाई एक्स्ट्रीमली पंक्चुअल. मी मनात म्हटलं, बाई, सरांच्या वर्गात तुम्ही उन्हातच मुक्काम केला असता. मी सातवीच्या वर्गावर तास घेऊन दाखवला. पोरं जागची हलली नाहीत, आणि घंटा झाल्यावर एकीनं विचारलं, "मॅम, उद्या येणार का?" मुख्याध्यापिका म्हणाल्या, "एक्स्ट्रीमली इम्प्रेसिव्ह!" मला आतून हसू आलं आणि बरंही वाटलं.

शेवटी दोनच नावं उरली. एक माझं आणि एक अमोल गावंडेचं. ओळखीचा, आपल्याबद्दल सांगू शकेल असा एक माणूस द्या, असं त्यांनी दोघांनाही सांगितलं होतं. मी गावंडे सरांचं नाव दिलं. दुसरं कुणाचं देणार? अमोलनंही त्यांचंच दिलं. आमच्या भागात गावंडे गल्लीगल्लीत, त्यामुळे आडनाव सारखं असलं तरी बाईंच्या मनात काही आलं नाही. आणि मला काळजी वाटली नाही, उलट निर्धास्त झाले. अमोलला नोट्स मीच दिल्या होत्या. सर खोटं बोलणार नाहीत, एवढं पक्कं ठाऊक होतं मला.

आठवड्यानं अमोल पेढे घेऊन दारात उभा.

मायनं पेढा घेतला, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मी पेढा हातात धरून बसले. अमोल बोलत सुटला होता. त्याचा आनंद त्याच्या पोटात मावत नव्हता. "ताई, एक गंमत सांगू का? त्या मॅडमनं काकाले फोन केला, तवा मी तिथंच होतो. काकानं फोन स्पीकरवर टाकला. माह्याबद्दल इचारलं तं काका म्हणते, ही इज एक्स्ट्रीमली हार्डवर्किंग, एक्स्ट्रीमली सिन्सिअर! काका! ज्यानं आयुष्यभर आमाले त्या शब्दापायी उन्हात उभं केलं, तो माणूस! काकू तं तोंडाले पदर लावून हासत होती."

"अन् माह्याबद्दल?" मी विचारलं.

"तुमचं पह्यले झालं. म्हणाले, शी इज गुड."

"पुढं?"

"पुढं काई नाई. मॅडमनं इचारलं, एनिथिंग एल्स, सर? काका म्हणाले, नो. गुड." अमोलच्या लक्षात आलं असावं. पेढ्याच्या डब्याचं झाकण उगाच लावत-काढत बसला. "ताई, गुड म्हणजे चांगलंच म्हटलं न काकानं," तो म्हणाला.

हो बाबा, चांगलंच म्हटलं. ज्या शाळेत शिपाई एक्स्ट्रीमली आणि फळा अ‍ॅब्सोल्यूटली, तिथं नुसतं गुड म्हणजे नापास. फोन ठेवून बाईंनी काय समजून घेतलं असेल ते मला बसल्या जागी ऐकू येत होतं. बिचाऱ्या म्हाताऱ्या सरांना त्या मुलीबद्दल काही वाईट बोलायचं नव्हतं, म्हणून गुडवर भागवलं.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. सर ओसरीवर खुर्ची टाकून पेपर वाचत होते.

"ये व. बस."

"बसत नाई, सर. एक इचाराचं होतं. त्या शाळेच्या मॅडमनं फोन केला तं तुमी माह्याबद्दल काय म्हटलं?"

"गुड म्हटलं." सरांनी पेपरची घडी घातली. "काहून?"

"अन् अमोलबद्दल?"

"अमोलनं सांगतलंच असन." त्यांनी लपवलं नाही, तेवढं त्यांच्या बाजूनं सांगते. "एक्स्ट्रीमली म्हटलं. दोनदा म्हटलं. मंग?"

"सर, तो शब्द आयुष्यात एखाद्यालेच द्याचा, असं तुमीच सांगतलं होतं."

सर चिडले नाहीत. शिकवण्याच्या आवाजात आले. मला तो आवाज ओळखीचा, एके काळी त्या आवाजासाठी मी जेवण सोडून धावत यायची. "पोरी, अमोल कसा हाय हे तुले मी सांगू? त्याले नुसतं हार्डवर्किंग म्हटलं असतं तं उभा राह्यला नसता. त्याले टेकू द्या लागते. हे शब्द असतेच कायले? लेच्यापेच्या शब्दाले टेकू द्याले. तुले टेकूची काय गरज? तू आपल्या पायानं उभी राहणारी. मी तुह्या मागं टेकू लावला असता तं तो तुहा अपमान झाला असता."

"अपमान झाला असता तं चाललं असतं, सर. नोकरी भेटली असती."

"त्या बाईले गुड समजत नसन, तं तिची शाळा तुह्या कामाची नाही."

"मंग अमोलच्या कामाची कशी झाली?"

सर पेपरच्या घडीवर अजून एक घडी घालत राहिले. आतून भांड्यांचा आवाज येत होता तोही थांबला. काकू ऐकत असणार.

"मी माह्यी भाषा कोणासाठी बदलत नाही," सर शेवटी म्हणाले.

"अमोलसाठी बदलली न."

सर मान वर करून, अगदी वेगळ्या आवाजात, जवळजवळ मायेनं म्हणाले, "आजपर्यंत गुड म्या कोणालेच म्हटलं नाही. इचारून पाह्य कोणालेबी. अमोलले नाही, हेडमास्तरले नाही. तुले पह्यल्यांदा म्हटलं."

आणि ते खरं होतं. हेच तर जास्त लागलं. जपून ठेवलेली वस्तू त्यांनी मला दिली, पण दिली ती अशा बाईच्या हाती, जिला ती पितळेची वाटली. आणि त्यांना ते ठाऊक होतं. इंग्रजीचा एवढा मोठा मास्तर, फोनवरची बाई कोणत्या तऱ्हेनं बोलते ते दोन वाक्यांत ओळखणारा. अमोलच्या वेळी बरोबर ओळखलं त्यांनी. तिथं तिच्या भाषेत बोलले. माझ्या वेळी स्वतःच्या भाषेत बोलले.

काकू चहा घेऊन आल्या. तोच कप. मी घेतला नाही. "उशीर होते, काकू," म्हटलं आणि निघाले. चपला घालताना पट्टा लागेना.

घरी येईपर्यंत डोक्यात एकच घुमत होतं. टेकू द्यायची वेळ आली तेव्हा सरांना घरचा पोरगा दिसला, आणि तत्त्व पाळायची वेळ आली तेव्हा मी दिसले. कप एकच होता, टेकू एकच नव्हता. याला रक्त म्हणा, जात म्हणा, म्हातारपणाचा मोह म्हणा. सरांना तोंडावर विचारलं असतं तर ते खवळले असते, आणि त्यांच्या मनात खरंच तसं काही नसेलही. मनात नसतं, तरी हातून होतं. आम्हाला त्याचा अनुभव काही नवा नाही. फक्त या घरातून तो येईल असं वाटलं नव्हतं.

मायला सगळं सांगितलं. ती पाय लांब करून बसली होती. "मास्तरानं तुले बरं म्हटलं न? मंग रडतं कावून?"

"त्याले लय बरं म्हटलं, माय. मले नुसतं बरं."

मायनं थोडा विचार केला. "मंग तुलेबी म्हणाचं होतं न लय. शब्दाले का पैसे पडते?"

माझ्या एम.ए.ला जे नीट मांडता आलं नसतं ते मायनं एका वाक्यात मांडलं, असं काही मी म्हणणार नाही. तिला नुसता राग आला होता. मलाही आला होता. आम्ही दोघी त्या दिवशी न जेवता बसलो आणि मग संध्याकाळी भूक लागली म्हणून मी खिचडी टाकली.

त्याला आता काही वर्षं झाली. अमोल त्या शाळेत टिकला. पोरं त्याला त्रास देतात, तो अजूनही अडलं की मला फोन करतो, आणि मी सांगते. मी अजून अकोल्यालाच जाते. माय आता घरातल्या घरात भिंत धरून चालते. सरांकडे मी त्यानंतर गेले नाही, पण वाईटही बोलले नाही कुठं. आणि सत्काराचं बोलावणं आलं तेव्हा हो म्हटलं, त्यात काही डाव नव्हता माझा. एवढं मात्र माझ्यावर विश्वास ठेवून ऐका.

उलट बसमध्ये जाता-येता मी भाषण मनात रचत होते. बोरगावपर्यंत धर्मेंद्रचा उन्हातला किस्सा, मूर्तिजापूरपर्यंत चिखलदरा. आणि शेवटचं एक वाक्य. त्या वाक्यात तो शब्द होता. एवढी वर्षं सांभाळला, आता द्यायचा कुणाला? मायला इंग्रजी येत नाही. नोकरी गेली ती गेली, पण मला जे काही येतं ते याच माणसानं दिलं, आणि त्याच्या पंचाहत्तरीला मी हात आखडता घेतला तर मग माझ्यात अन् त्यांच्यात फरक काय, असं मी स्वतःला बजावलं होतं. एस.टी.च्या खिडकीत बसून ते वाक्य मनातल्या मनात म्हटलं की माझे डोळे भरून यायचे.

सत्कार रविवारी सकाळी होता. सभागृह भरलेलं. मंचामागं मोठं बॅनर, त्यावर सरांचा फोटो आणि नावाआधी एवढी विशेषणं की नाव शोधावं लागत होतं. मायला मी पुढच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसवलं. सर मंचावर मधोमध बसले होते. शाल, फेटा, समोर नारळ. बारीक झाले होते. मला पाहून त्यांनी मान हलवली. मीही हलवली.

भाषणं सुरू झाली. पहिला बोलला आमचा जुना वर्गमित्र अनुप, आता पुढारी झालेला. "गावंडे सर म्हणजे एक अत्यंत, अत्यंत थोर व्यक्तिमत्त्व! माय टीचर वॉज एक्स्ट्रीमली, एक्स्ट्रीमली ग्रेट!" मी चमकून सरांकडे पाहिलं. मला वाटलं, आता सर उठतात आणि अनुपला बाहेर उन्हात पिटाळतात.

सर हसले. छातीशी हात नेऊन त्यांनी मान लववली.

मग कुणी संस्थेचे आले, कुणी पतसंस्थेचे. परम, अतीव, निस्सीम, शब्दांची नुसती खैरात. एक बाई तर म्हणाल्या, "सर अ‍ॅब्सोल्यूटली देव आहेत." प्रत्येक शब्दाला सरांची मान हलत होती. डोळे मिटून ऐकत होते, एकेक शब्द पोटात उतरवून घेत होते. भुकेला माणूस जेवतो तसे. अमोल बोलला, रडला, "काका एक्स्ट्रीमली प्रेमळ हाय," म्हणाला, तेव्हा सरांनी डोळे पुसले.

मी माझ्या जागेवर बसून हे पाहत होते आणि माझ्या आत काहीतरी थंड पडत चाललं होतं. म्हणजे यांना आवडायचं हे. हवं होतं. टेकू नको, टेकूनं अपमान होतो, हे सगळं आम्हाला सांगायला. स्वतःच्या पाठीला मात्र टेकूंची अख्खी मोळी चालते. आयुष्यात एखाद्यालेच द्यायचा शब्द अनुपच्या तोंडून झेलायला त्यांना काही वाटलं नाही. मग माझ्या मायच्या नावापुढचा एक साधा व्हेरी त्यांना एवढा का सलला होता?

"आणि आता, सरांच्या सर्वांत लाडक्या, अत्यंत हुशार विद्यार्थिनी, प्रियदर्शनी तायडे!"

मी उठले. माईकपाशी गेले. सर खुर्चीत पुढं सरकले, कानामागं हात धरला. चेहरा असा उजळलेला की काय सांगू. बाकीच्यांचं ऐकून झालं होतं, आता खरं कानांना हवं ते येणार, असा.

बसमध्ये रचलेलं सगळं माझ्या जिभेवर होतं. पाठ होतं. मी सरांकडे पाहिलं आणि म्हणाले, "गावंडे सर इज अ गुड टीचर. थँक यू."

आणि खाली येऊन बसले.

लोकांना वाटलं, माईक बंद पडला. सूत्रसंचालकानं माईकवर टकटक केलं. मागं कुणीतरी हसलं. अमोलनं टाळ्या सुरू केल्या, मग चारदोन जणांनी वाजवल्या. मायनं मला कोपरानं ढोसलं. "झालं? एवढंसंच? गाईच्या निबंधात बी याच्याहून जास्त लिवत होती तू."

सरांचा हात अजून कानामागंच होता. तो खाली यायला बराच वेळ लागला.

जेवणं सुरू झाली तेव्हा मी मायसाठी पाणी आणायला उठले. सर कडेला एका खुर्चीवर बसले होते. फेटा काढून मांडीवर ठेवला होता. भोवतीची गर्दी जिलबीकडे वळली होती. त्यांनी बोटानं मला बोलावलं. मी गेले. या वेळी बस म्हणायची वाट न पाहता शेजारच्या खुर्चीवर बसले.

"इंग्रजी साफ होतं," ते म्हणाले.

"हो, सर."

"एकबी शब्द फालतू नव्हता."

"तुमीच शिकवलं."

त्यांनी मान हलवली. फेट्याची झिरमिळी बोटांत घेऊन चुरगाळत राहिले. हा माणूस कधी डोळे चुकवून बोलला नव्हता. आज फेट्याकडे पाहून बोलला.

"मी वाट पाहून राहिलो होतो," ते म्हणाले.

"कायची, सर?"

"पुढच्या शब्दाची."

वाढपी 'जिलबी, जिलबी' करत समोरून गेला. सरांच्या गालावर सकाळचा गुलाल तसाच होता. मला वाटलं होतं, असं काही ऐकायला मिळालं तर मला बरं वाटेल. काही बरं वाटलं नाही.

"मी बी पाहून राहिली होती, सर," मी म्हणाले. "त्या फोनच्या दिवशी."

सरांनी वर पाहिलं. फेट्याची झिरमिळी त्यांच्या बोटांतून सुटली. मी उठले, पाण्याचा गिलास भरला आणि मायकडे गेले. उद्या सकाळी अकोल्याला पहिला तास होता.